चिमणी आहे का घरात?

शाळा सुटून सव्वीस वर्षं झाली, डोक्यावरचे केस गेले, पोट पुढे आलं, पण त्यांच्या वर्गाच्या मॉनिटरची मॉनिटरगिरी काही गेली नव्हती. सगळ्यांनी एकदा भेटायचं हे ठरवलं त्यानेच, हॉल बघितला त्यानेच आणि कुणी कुठलं काम करायचं हेही ग्रुपवर त्यानेच टाकलं. रीळच्या वाट्याला आलं ते असं: ‘आपल्यातले चौघे आज नाहीत. त्यांचे फोटो मोठे करून, फ्रेम करून आणणे. रविवारपर्यंत. सबबी चालणार नाहीत.’ खाली जोडलेले हात.

रीळ म्हणजे फोटो स्टुडिओवाल्याची मुलगी. वडिलांच्या धंद्यावरून वर्गाने ठेवलेलं नाव, आणि अंगानेही ती तेव्हा तशीच होती, गुंडाळून डबीत ठेवावी इतकी. आता वडील नव्हते आणि स्टुडिओ तिचा होता. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, प्रिंटर, ओळखपत्राच्या फोटोंसाठी पांढरा पडदा. मागच्या अंधाऱ्या खोलीत वडिलांच्या वेळचं सगळं जसंच्या तसं. नवरा म्हणायचा, ती खोली विकलीस तर आपण जगप्रवासाला जाऊ. ती म्हणायची, तू पुढे हो, मी फोटो काढते.

अशी हसरी बाई. पण त्या चौघांचं नाव निघालं की तिच्या आतलं काहीतरी बंद पडायचं. लंबू एकोणिसाव्या वर्षी तीन दिवसांच्या तापाने गेला. कंपास एकविसाव्या वर्षी बांधकामावरून पडला. बडबडी तेविसाव्या वर्षी बाळंतपणात गेली, आणि चिमणी चोविसाव्या वर्षी सिग्नलपाशी ट्रकखाली. चिमणी तर तिची सख्खी मैत्रीण, एकीवाचून दुसरीला घास उतरायचा नाही. तरी त्या दिवशी रीळच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. कुणीतरी मागून म्हणालं होतं, ‘दगड आहे नुसती.’ रीळने ते ऐकलं होतं आणि तिला ते पटलंही होतं. रडायला जे काही लागतं ते तिच्यापाशी नव्हतंच. आपल्याला काहीच कसं वाटत नाही, एवढंच तेवढं वाटायचं.

तिघांच्या घरच्यांनी फोटो मोबाइलवर पाठवले. राहिली चिमणी. तिची आई मोबाइल वापरायची तो फक्त उचलून ‘हॅलो’ म्हणायला. म्हणून सोमवारी दुपारी स्टुडिओला कुलूप लावून रीळ स्वतःच निघाली.

चिमणीच्या आईच्या, काकूंच्या घरात सगळीकडे खोकी होती. काही बांधलेली, काही तोंड वासून पडलेली. पंखा फिरत होता आणि वर्तमानपत्रांचे तुकडे जमिनीवर सरपटत होते. घर विकलं होतं. शनिवारी सकाळी सामानाचा ट्रक येणार आणि काकू दुसऱ्या शहरात मुलाकडे कायमच्या राहायला जाणार.

“बरी आलीस,” काकू म्हणाल्या. “मी तुला बोलावणारच होते. बस. खोक्यावर नको, आत कपबशा आहेत.”

रीळने कामाचं सांगितलं. काकूंनी भिंतीकडे बोट केलं. सगळं उतरवून झालं होतं, एकच फ्रेम राहिली होती. चिमणीचा चेहरा, दहावीच्या वर्गाच्या फोटोतून मोठा केलेला. चिमणी गेली त्या आठवड्यात रीळच्या वडिलांनीच तो करून दिला होता. रीळने इतक्या वर्षांत त्या भिंतीकडे मान वर करून बघितलं नव्हतं. आताही बघितलं नाही.

“दुसरा नाही का एखादा?”

“बाकीचे माझ्या लेकाकडे आहेत.” काकूंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसल्या. “तुला हा का नको?”

“तसं नाही...”

“बघ तरी त्याच्याकडे एकदा.”

रीळ पाणी प्यायली. पेला कोरडा होईपर्यंत प्यायली.

“ती येते गं,” काकू म्हणाल्या.

आवाज अगदी साधा. दूधवाला येतो म्हणावं तसा.

“फोटो लावला तेव्हापासून येते. रोज नाही, आठवड्यातून दोनदा-तीनदा. दुपारी, तीनच्या सुमाराला. गेली चोविसाव्या वर्षी, पण येते ती सोळाची. शाळेचा गणवेश, हसतेही तशीच. मी कुणाला बोलले नाही. बोलले असते तर लेकाने डॉक्टर गाठला असता.” त्या किंचित हसल्या. “पहिल्यांदा आली तेव्हा मी हातातलं टाकून धावले. म्हटलं, आलीस गं बाई... तर ती दोन पावलं मागे सरकली. दारातच उभी राहिली. परक्याच्या घरी आल्यासारखी. आणि मला म्हणाली...”

पंख्याखाली कागद सरकले.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘काकू, चिमणी आहे का घरात?’”

ते वाक्य रीळचं होतं. शाळेच्या सगळ्या वर्षांत, रोज संध्याकाळी, याच दारात उभं राहून तिनेच ते म्हटलं होतं.

“माझीच पोर,” काकू म्हणाल्या, “मलाच काकू म्हणते. आणि मलाच विचारते, चिमणी आहे का. अठरा वर्षं गं. मी काय सांगणार? म्हणते, नाही बाळ, बाहेर गेलीय. मग ती ‘बरं’ म्हणते आणि जाते. कधीकधी आत डोकावून बघते. आरशासमोरून जाते, तरी तिला स्वतःतली चिमणी दिसत नाही.”

“काकू...”

“मी खूप विचार केला. आवाज तिचाच, चाल तिचीच. मग एकदा ती दारात उभी असताना मी तिच्या डोळ्यांत नीट बघितलं.” काकूंनी रीळची हनुवटी धरून तिचा चेहरा वर केला, अगदी हळू. “हे डोळे माझ्या मुलीचे नाहीत. हे तुझे आहेत.”

आता इथे तुम्हाला मागचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारीला भ्रम झाला होता. भ्रमबिम काही नव्हता. काकू बोलल्या ते शब्दशः खरं होतं, आणि ते कसं, हे फक्त रीळला माहीत होतं.

दहावीच्या वर्गाचा फोटो वडिलांनी काढला तेव्हा दोनांतल्या एका निगेटिव्हमध्ये उजेड शिरला आणि एकच धड राहिली. तिच्यात चौघांचे डोळे मिटलेले. पुन्हा फोटो काढायचा तर शाळा सुटलेली. अशा वेळी करायचं काय, ते त्या काळच्या स्टुडिओवाल्यांना बरोबर ठाऊक होतं. फोटो मोठा करायचा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा, मिटलेल्या पापण्यांवर त्याच मापाचे उघडे डोळे कापून लावायचे, कडा ब्रशने बुजवायच्या आणि त्या पुठ्ठ्याचाच नव्याने फोटो काढायचा. शंभरातला एखादाही ओळखत नसे.

वडिलांचा नियम मात्र एक होता. ज्याचे डोळे त्यालाच. परीक्षेच्या फॉर्मसाठी सगळ्या वर्गाचे फोटो त्यांच्याकडेच निघाले होते, प्रत्येकाची निगेटिव्ह पाकिटात नाव घालून ठेवलेली. चौघांची पाकिटं शोधायची, माप जुळवायचं, छापायचं, कापायचं, एवढंच. ते काम वडिलांनी रीळवर सोपवलं आणि ते दुसऱ्या गावी कुणाच्या तरी लग्नाचे फोटो काढायला गेले.

आणि खाली रस्त्यावर चिमणी उभी. “रिळे, ये ना लवकर! किती वेळ?”

चार पाकिटं, चार मापं, चार छपाया. तासाभराचं काम. रीळने वर्गाच्या फोटोत स्वतःकडे बघितलं. फोटोग्राफरची मुलगी, डोळे अगदी टक्क उघडे, सरळ कॅमेऱ्यात. मापही जुळलेलंच, उजेडही तोच. तिने आपलेच डोळे चार वेळा छापले आणि चौघांना लावून टाकले. वीस मिनिटांत खाली पोचली. वडिलांनी परत आल्यावर पुठ्ठा बघितला, बराच वेळ बघितला, आणि त्याचा फोटो काढायला कॅमेरा लावला.

लंबू गेला तेव्हा तिच्या काही लक्षात आलं नाही. कंपास गेला तेव्हाही नाही. बडबडी गेली त्या रात्री मात्र ती मागच्या खोलीत जाऊन तो पुठ्ठा काढून बसली. तिघेही तिच्याकडे तिच्याच डोळ्यांनी बघत होते. चौथी चिमणी तेव्हा धडधाकट होती, नोकरी करत होती, दर रविवारी भेटत होती. रीळने तिला काही सांगितलं नाही. सांगणार काय? की बाई गं, तुला मी माझे डोळे लावलेत, तेव्हा जपून राहा? चिमणी खो-खो हसली असती. वर्षभरात तीही गेली.

आता तेच तिने काकूंना सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी. सांगतानाही तिचा आवाज कोराच राहिला.

काकूंनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बघितलं. मग म्हणाल्या, “तुझ्यामुळे गेली असं मी म्हणणार नाही. ट्रकवाल्यामुळे गेली. पण ती मला ओळखत नाही, हे तुझ्यामुळे.”

“हो.”

“शनिवारी मी हे घर सोडणार. नव्या घराचा पत्ता तिला कुठून कळणार? ती इथे येईल, दार दुसरंच कुणीतरी उघडेल.” काकूंचा आवाज तेवढ्यापुरता फाटला. “मला एकदा आई म्हणू दे गं तिला. एकदाच. मग मी जाते. तुझे डोळे काढ तिच्यावरून. जिथे लावलेस तिथूनच काढ.”

रीळ बुधवारी मागच्या खोलीत शिरली. दिवसाढवळ्याही तिथे रात्रच. औषधांचा जुना आंबूस वास भिंतींनी धरून ठेवला होता. पाकिटं सापडायला वेळ लागला नाही, वडिलांचा कारभार चोख होता. चिमणीचं नाव, वडिलांचं अक्षर, आत परीक्षेच्या फॉर्मची निगेटिव्ह. तिने ती पुढच्या खोलीत नेऊन मापात छापली. चिमणीचे खरे डोळे कागदावर उतरले. थोडे बारीक, डावा किंचित मिचकावल्यासारखा. रीळ ते विसरून गेली होती. विसरून गेली होती, हे तिला आत्ता कळलं.

मग तिने पुठ्ठा टेबलावर घेतला. पांढऱ्या दिव्याखाली अख्खा वर्ग रांगेने बसलेला. ओल्या कापसाने तिने चिमणीच्या डोळ्यांवर चिकटवलेली पट्टी भिजवली आणि पातळ पात्याने एका कोपऱ्यातून उचलायला घेतली. खाली मिटलेल्या पापण्या असतील, त्यांच्यावर नवी पट्टी लावायची, असा तिचा हिशोब. पण सव्वीस वर्षांचा गोंद. पट्टी सुटून आली ती एकटी आली नाही. तिच्या मागे चिमणीच्या मिटलेल्या पापण्या चिकटून आल्या. खाली नुसता पुठ्ठा राहिला, पिवळट.

रीळने त्या दोन्ही वेगळ्या करायचा खूप प्रयत्न केला. वाफ देऊन बघितली, पातं फिरवून बघितलं. पुढून रीळचे उघडे डोळे, मागून चिमणीचे मिटलेले, आणि दोन्ही एकमेकांना सोडायला तयार नाहीत. शेवटी तिने ती चिमटीएवढी पट्टी स्वतःच्या नावाच्या पाकिटात टाकली. तिथलीच होती ती.

पुठ्ठ्यावरच्या रिकाम्या जागेत चिमणीचे डोळे बरोबर बसले. कडा बुजवून, पुठ्ठ्याचा नव्याने फोटो काढून झाल्यावर रीळने दिवा थोडा लांब केला. बाकीचे तिघे अजून तिच्याच डोळ्यांनी बघत होते. तिच्या मनात आलं, लंबूच्या घरी दुपारी कोण जात असेल? कंपासची आई दारात कुणाला ‘नाही बाळ’ म्हणत असेल? बडबडीचं लेकरू आता एकोणीस वर्षांचं असेल, त्याच्याकडे ती कुणासारखी बघत असेल? तिने पुठ्ठ्यावर कापड टाकलं. त्यांचंही करायचं होतं, पण आधी शनिवार होता.

शुक्रवारी अडीच वाजता ती नवी फ्रेम घेऊन काकूंकडे पोचली. घर पार उघडं पडलं होतं. भिंतीवर खिळ्यांची भोकं, मधोमध दोरीने बांधलेली खोकी, बसायला दोन खुर्च्या. बोललं की आवाज भिंतींवर आपटून परत यायचा. काकूंनी फ्रेम हातात घेतली आणि तोंडावर हात ठेवला.

“ही... हीच,” त्या म्हणाल्या. “बघ डावा डोळा. लहानपणी मी तिला म्हणायचे, कुणाला गं डोळा मारतेस?”

त्यांनी फ्रेम एका खोक्यावर टेकून ठेवली, दाराकडे तोंड करून. मग दोघी बसल्या. बाहेर कुणाच्या तरी घरी कपडे धुण्याचं यंत्र घरघरत होतं. ते थांबलं. काकूंनी केस नीट केले. पाहुणे यायच्या आधी करावेत तसे.

“नाही आली तर?” त्यांनी विचारलं.

“येईल, काकू.”

“आणि आली, आणि पुन्हा तेच विचारलं तर...”

त्यांचं बोलणं तिथेच थांबलं. त्या दाराकडे बघत होत्या. दार उघडं होतं आणि उंबऱ्यावर ऊन होतं. बाकी काही नाही. रीळला तिथे काहीच दिसलं नाही. फक्त खोलीतला वास बदलला. खडूचा वास, आणि डब्यात दिवसभर बंद राहिलेल्या पोळीचा.

काकू कान देऊन ऐकत होत्या. मग त्यांचा चेहरा असा काही उमलला, की रीळला तिकडे बघवेना.

“आई म्हणाली,” त्या कुजबुजल्या. “ऐकलंस? आई म्हणाली मला...”

त्यांनी दोन्ही हात पसरले. त्यांच्या मांडीवरचं कापड दबलं, कुणीतरी डोकं ठेवावं तसं. काकू त्या रिकाम्या जागेवरून हात फिरवू लागल्या, पुन्हा पुन्हा, कपाळावरून मागे. रडत होत्या, हसत होत्या, “किती वाळलीस गं, कुठे होतीस इतके दिवस,” असं काहीबाही बोलत होत्या. अठरा वर्षांत पहिल्यांदा रीळला वाटलं की आता रडू येईल. तिला बरं वाटलं, खरंच फार बरं वाटलं. झालं एकदाचं. काकू सुखाने उद्या जातील.

थोड्या वेळाने काकूंचा हात थांबला. त्यांनी मान तिरकी करून खाली बघितलं. मग रीळकडे बघितलं.

“ती विचारतेय...” त्या म्हणाल्या, “आई, ही कोण?”

रीळने खुर्ची थोडी पुढे सरकवली.

“अगं, असं काय करतेस?” काकू मांडीकडे बघून म्हणाल्या. “ही आपली रीळ नाही का! तुझी रीळ. तिनेच तर...” त्या पुन्हा ऐकू लागल्या. कपाळाला हळूहळू आठी पडली. “नाही म्हणते. म्हणते, मी हिला कधी बघितलं नाही.”

“असू दे, काकू.” रीळचा आवाज नेहमीसारखाच निघाला. “तुम्हाला ओळखलं ना? बास.”

“असू दे कसं? जन्माच्या मैत्रिणी तुम्ही.” काकू खुर्चीवरून पुढे वाकल्या, मांडीवरचं ओझं सांभाळत. “तिला बिचारीला ओळखू येणार तरी कसं? तू अशी काय बसली आहेस? डोळे उघड ना.”

रीळला समोरचं सगळं दिसत होतं. दोरीने बांधलेली खोकी. खिळ्यांची भोकं. उंबऱ्यावरचं ऊन एक वीत पुढे सरकलेलं. काकूंचे ओले गाल आणि तिच्या चेहऱ्याकडे येणारा त्यांचा हात.

“उघडेच आहेत, काकू,” ती म्हणाली.

“चेष्टा पुरे. उघड बघू... घाबरू नकोस. आपलीच पोर आहे.”

काकूंचा अंगठा तिच्या पापणीवर अलगद टेकला आणि पापणी वर ढकलू लागला. रीळला तो पापणीवर स्पष्ट जाणवत होता, थंड आणि थोडा ओला. तिला पाकिटातली ती पट्टी आठवली, पुढून उघडी, मागून मिटलेली. आणि तेव्हाही तिला सगळं दिसतच होतं.